बल्ब बदलण्याआधी

त्र्यंबकेश्वरात संध्याकाळ लवकर होते. मावळतीला ब्रह्मगिरी उभा आहे. सूर्य आधी त्याच्याआड जातो आणि नाशिकच्या बाजूला चांगलं दिसत असतं तेव्हाच आमच्याकडच्या गाड्यांचे दिवे लागतात. पावसाळ्यात तर दिवसभर ढग खाली उतरलेले असतात. घोटीकडे जाताना पहिन्याच्या अलीकडे-पलीकडे धुकं इतकं दाटतं की भर दुपारी दिवे लावावे लागतात. मोखाडा-जव्हारकडे निघालात तर तोरंगणचा घाट लागतो. वळणं, उतार आणि रात्री चिटपाखरू नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला गाडीच्या हेडलाईटचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण हेडलाईट कमजोर झाला की काय करायचं, हे मात्र बहुतेकांना चुकीचं सांगितलं जातं. मलाही तसंच सांगितलं गेलं होतं.

माझी गाडी २००७ सालची वॅगन आर. पंधरा वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण करून घेतलं, इंजिन ठणठणीत होतं, पण रात्री रस्ता दिसेना. ‘लाईट डिम पडलाय’ म्हणून नाशिकच्या एका दुकानात गेलो. त्यांनी काही न तपासता शंभर-नव्वदचे बल्ब घालून दिले. पहिले काही दिवस लख्ख उजेड पडला. मग एका रात्री मोखाड्याहून परतताना घाटातच जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि डावा दिवा गेला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. बल्बच्या मागे जो तीन पिनांचा होल्डर बसतो, त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडून एका पिनेभोवती मेणासारखं ओघळलं होतं.

असं का झालं, याचा हिशेब सोपा आहे. त्या पिढीच्या बहुतेक भारतीय गाड्यांत एच-४ जातीचा बल्ब असतो. एकाच बल्बात दोन तारा. अप्परची ६० वॅटची, डिपरची ५५ वॅटची. बारा व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर करंट. शंभर वॅटला तो सव्वाआठच्या पुढे जातो. वायरिंग, स्विच आणि होल्डर हे सगळं ५ अँपिअरच्या हिशेबाने बनवलेलं असतं, आणि सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आत वाढला, तरी सांध्यावरचा ताप जवळपास पावणेतीन पट होतो. गंज चढलेल्या पंधरा वर्षांच्या पिनेला तो सोसत नाही.

त्या रात्रीनंतर मी हा विषय नीट समजून घेतला. जुन्या गाडीचा उजेड तीन ठिकाणी हरवतो. काचेत, वायरिंगमध्ये आणि फोकसमध्ये. ही तिन्ही ठिकाणं तपासून झाल्यावर मग बल्बाकडे वळायचं. दुकानात नेमकं याच्या उलट चालतं, कारण बल्ब बदलायला पाच मिनिटं लागतात आणि बाकीच्या कामाला अर्धा दिवस.

काचेपासून सुरुवात करू. खूप जुन्या गाड्यांना, म्हणजे ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुनी जीप यांना खरी काच होती. ती पिवळी पडत नाही. नंतरच्या गाड्यांना आपण सवयीने ‘काच’ म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवायला त्यावर कारखान्यातच एक पातळ संरक्षक थर दिलेला असतो. आठ-दहा वर्षं गाडी उघड्यावर उभी राहिली की हा थर मरतो आणि खालचं प्लॅस्टिक पिवळट, धुरकट होतं. वरून हात फिरवला तर बारीक खरखर जाणवते. आतला बल्ब कितीही चांगला असो, उजेड तिथेच विखुरतो.

हे काम घरी करता येतं. काच साबणाने धुऊन घ्या, भोवतालच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपर घ्या. आधी ८०० किंवा १००० नंबरचा, मग १५००, मग २०००, जमल्यास शेवटी ३०००. पेपर आणि काच दोन्ही सतत ओली ठेवायची आणि एकाच दिशेने घासायचं. पुढचा नंबर घेताना दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. सुरुवातीला खाली पिवळसर पाणी ओघळतं. तो मेलेला थर आहे. पाणी दुधासारखं पांढरं यायला लागलं की चांगलं प्लॅस्टिक लागलं असं समजा. या टप्प्यावर काच अगदी आंधळी दिसते आणि आपण गाडीचं वाटोळं केलं असं वाटून पोटात गोळा येतो. घाबरू नका. पुढच्या बारीक पेपरने आणि पॉलिशने ती स्वच्छ होते.

पण इथे थांबलात तर मेहनत वाया गेली. संरक्षक थर तुम्ही स्वतःच घासून काढलेला असतो. त्याच्या जागी अतिनील किरण अडवणारं, हेडलाईटसाठीच मिळणारं क्लिअर कोटिंग मारलं नाही, तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्टने घासलेली काच चार दिवस चमकते आणि पूर्ववत होते, त्याचंही कारण हेच. पेट्रोल किंवा थिनरने काच पुसू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने केसासारख्या बारीक चिरा जातात आणि त्या कोणत्याही पॉलिशने निघत नाहीत.

आता वायरिंग. उजेड सगळ्यात जास्त इथे हरवतो आणि इथेच कुणी बघत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॅलोजन बल्बाला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर उजेड दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट आहेत आणि बल्बपर्यंत पोहोचताना बारा-सव्वाबाराच उरतात, अशी स्थिती जुन्या गाड्यांत हमखास सापडते. म्हणजे जवळजवळ तृतीयांश उजेड तारांतच संपला. तो परत मिळवायला नवा बल्ब लागत नाही. गंज साफ करावा लागतो.

तपासायचं कसं? साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.५ ते १४.४ च्या दरम्यान हवं. त्याहून बरंच कमी असेल तर दोष अल्टरनेटरचा किंवा बेल्टचा, तो आधी दुरुस्त करा. मग बल्ब जागेवर आणि पेटलेला असतानाच, होल्डरच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं पिनांना टेकवून मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल. एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजू नका. करंट वाहत नसताना खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि फसवतो.

खराब सांधा कोणत्या बाजूला आहे, तेही कळतं. मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थिंगच्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दिवा चालू असताना इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. आमच्याकडे बहुतेक वेळा हेच निघतं. अर्थिंगची तार पुढच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली असते. त्र्यंबकच्या चार महिन्यांच्या पावसात त्या बोल्टखाली गंज धरतो. बोल्ट सोडा, पत्रा आणि तारेचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. माझ्या गाडीचा उजवा दिवा एवढ्याने उजळला. अर्थिंग गेल्याची एक खूण मीटरशिवायही ओळखता येते. इंडिकेटर दिला की हेडलाईट त्याच्या तालावर मिणमिणतो, किंवा भलताच एखादा दिवा अंधूक पेटतो.

दोष पॉझिटिव्ह बाजूला असेल तर फ्यूज, होल्डरच्या पिना आणि स्विच पाहा. फ्यूज काढून त्याच्या पात्यांवरचा हिरवट थर साफ करा. होल्डर तपकिरी किंवा ठिसूळ झाला असेल तर साफसफाईच्या नादी न लागता नवा बसवा. मिळाला तर सिरॅमिकचा घ्या, तो वितळत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीतल्या स्विचमधून जातो. स्विच झिजला की उजेड कमी आणि दांडी गरम. यावर उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून जाड तार फ्यूज आणि रिलेमार्गे थेट बल्बपर्यंत न्यायची, आणि जुन्या स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. याचं तयार वायरिंग बाजारात मिळतं. हे काम मात्र चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. फ्यूज बॅटरीजवळ बसवला आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. फ्यूजशिवाय ओढलेली तार म्हणजे गाडीला आग लागायचं निमंत्रण.

एवढं करून मग बल्ब. बल्ब पुरता उडाला असेल तर प्रश्नच नाही. पण काचेला आतून काळसर झाक आली असेल किंवा तार सैल लोंबलेली दिसत असेल, तरीही तो बदला. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलावेत. दोघांनी सारखेच तास काढलेले असतात, एक गेला की दुसरा मागोमाग जातो. दोन्ही डिपर एकदम गेले आणि अप्पर चालू आहेत, असं झालं तर बल्बाला दोष देऊ नका. फ्यूज, रिले किंवा स्विच पाहा. बल्ब वारंवार उडत असतील तर बॅटरीवरचं व्होल्टेज पंधराच्या आसपास जातंय का ते मोजा.

बदलताना दिवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, हॅलोजन बल्ब चांगला पोळतो. मागचा होल्डर सरळ मागे ओढून काढा, हलवून पिना वाकवू नका. मग रबराचं कव्हर निघतं आणि आत तारेची क्लिप दिसते. ती दाबून बाजूला केली की बल्ब बाहेर येतो. एच-४ बल्बाच्या चकतीला तीन कान असतात आणि तो एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर जोर न लावता फिरवून पाहा. नव्या बल्बाच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून घ्या. शेवटी रबरी कव्हर पूर्ण दाबून बसवा. त्यावर ‘टॉप’ असं उठवलेलं असतं, ती बाजू वर. घाईत हेच कव्हर अर्धवट राहतं आणि पहिल्याच पावसात दिव्यात पाणी जमतं. आतल्या रिफ्लेक्टरला फडकं लावू नका. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो, पुसायला गेलात की तोच निघून येतो. तो मुलामा मुळातच काळवंडला असेल, तर पूर्ण दिवा बदलण्याशिवाय इलाज नाही.

पूर्ण दिवा घेताना गाडीच्या कंपनीचा किंवा कंपन्यांना दिवे पुरवणाऱ्या लुमॅक्स, उनो मिंडा यांच्यासारख्या उत्पादकांचा घ्या. ऑनलाईन मागवलेला किंवा बाहेरच्या देशातून आलेला दिवा असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरचा झोत डाव्या कडेला थोडा वर चढतो आणि उजवीकडे खाली राहतो. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठीचा दिवा याच्या उलट असतो. तो समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो, आणि कितीही फोकस सेट केला तरी सुधारत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या दिव्यावर ही खूण कोरलेली असते. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर काचेवर आपल्या उजवीकडे रोखलेला छोटा बाण दिसला, तर दिवा डावीकडच्या वाहतुकीचा आहे.

एलईडी बल्बाबद्दल मला रोज कुणी ना कुणी विचारतं. जुन्या हॅलोजन दिव्यात एलईडी किंवा एचआयडी घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एच-४ बल्ब हातात घेऊन पाहा. डिपरच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी दिसेल. त्या वाटीमुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या ठरलेल्या भागावरच पडतो आणि झोताला वर सरळ कडा येते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीच्या चकत्या तिथे हुबेहूब बसत नाहीत. त्यामुळे कडा फाटते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला गाडीपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात म्हणून बरं वाटतं, पण लांबचं दिसत नाही. पावसात आणि धुक्यात हा पांढरा उजेड भिंतीसारखा उलटा अंगावर येतो. निळसर काचेचे ‘एक्स्ट्रा व्हाईट’ हॅलोजनही नकोत. निळा थर उजेड अडवतो. मोटार वाहन कायद्यानेही मान्यता नसलेला बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

उरला फोकस. नवा बल्ब, नवा दिवा, पुढच्या भागाची दुरुस्ती किंवा नवे शॉकॲब्सॉर्बर, यांतलं काहीही झालं की फोकस तपासावा लागतो. यासाठी सपाट जागा आणि एक भिंत हवी. आमच्या उताराच्या गावात हीच शोधावी लागते. शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं आवार बरं पडतं. चाकांत हवा बरोबर असावी, डिकी रिकामी असावी आणि चालकाच्या जागी एक माणूस बसलेला असावा. गाडी भिंतीला नाक लावून उभी करा आणि दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या खुणा खडूने भिंतीवर करा. मग गाडी सरळ मागे घ्या, बरोबर १० मीटर. डिपर लावा. झोताची वरची आडवी कडा खडूच्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डावीकडे ती वर चढताना दिसली पाहिजे. एक दिवा झाकून दुसरा पाहा. दिव्याच्या मागे दोन स्क्रू असतात. एक वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे. अर्धा-अर्धा फेरा द्या, घाई करू नका.

या दहा सेंटिमीटरना अर्थ आहे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल आणि झोत दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतरत असेल, तर तो ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ओल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाच्या लक्षात येण्यापासून ब्रेक लागून थांबेपर्यंत साधारण तेवढंच अंतर घेते. म्हणून डिपरवर, पावसात, घाटात साठच्या पुढे जाणं म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालणं. फोकस खाली पडला असेल तर चाळीसही जास्त होतात. वर असेल तर समोरचा आंधळा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिव्याने दिपवू नये, असं म्हटलं आहे. गाडीत मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की मागचा भाग बसतो आणि बरोबर केलेला फोकसही वर उठतो. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची चकती असते ती यासाठीच आहे. वजन वाढलं की आकडा वाढवा. दर्शनाला येणाऱ्या भरलेल्या गाड्यांपैकी फार थोड्यांत ही चकती फिरवलेली असते.

गाडीत तीन वस्तू कायम ठेवा. एक जादा बल्ब, त्याच्या मूळ डबीत, आणि पाण्याची बाटली व फडकं. पावसाळ्यात समोरच्या गाडीने उडवलेल्या चिखलाने अर्ध्या तासात काच भरते. जादा बल्ब नसताना एक दिवा गेलाच, तर चांगला बल्ब काढून चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे लावा. नाहीतर समोरच्याला तुमची गाडी मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो.

हे सगळं करायला माझ्या मते योग्य वेळा दोन आहेत. एक मृगाच्या आधी, आणि दुसरी पौषात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आधीचे कितीतरी दिवस नाशिक, सिन्नर, घोटीच्या वाटांनी दिंड्या चालत येतात. पहाटे तीन-चारला, थंडीत, अंगावर शाल घेतलेली म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेने चालत असतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्रीही ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघालेल्यांनी रस्ते भरलेले असतात. समोरून एक दिपवणारी गाडी गेली की पुढचे काही क्षण चालकाला डावीकडची ही माणसं दिसतच नाहीत. त्या दिवसांत या वाटांनी येणार असाल, तर आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ काढा, गाडी भिंतीसमोर उभी करा आणि ते दहा सेंटिमीटर मोजून घ्या.